पहिली इंटर्नशिप: हात कसा बसतो आणि भीड कशी चेपते

पहिल्या इंटर्नशिपला निघालेल्या मुलामुलींना बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: ‘घाबरू नकोस, आत्मविश्वास ठेव.’ सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण पहिल्या दिवशी अनोळखी टेबलापाशी बसल्यावर नेमके काय करायचे, हे त्यातून कळत नाही. मराठीत या बाबतीत दोन फार नेमके वाक्प्रचार आहेत. एखादे काम सवयीचे झाले की आपण म्हणतो, ‘हात बसला’. आणि माणसांमध्ये वावरतानाचा संकोच गेला की म्हणतो, ‘भीड चेपली’. हात बसतो आणि भीड चेपते ती काम करता करता. एका दिवसात, ठरवून, कोणालाच ते साधत नाही. नव्या इंटर्नला हवा असलेला आत्मविश्वास प्रामुख्याने या दोन गोष्टींचाच बनलेला असतो. मात्र त्या लवकर घडाव्यात म्हणून मुद्दाम करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि या लेखात तेच सांगायचे आहे.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ मध्ये ‘हे काम मला जमेल’ या विश्वासाविषयीचा सिद्धांत मांडला. हा विश्वास चार वाटांनी तयार होतो, असे त्यांनी सांगितले: स्वतः काम पार पाडल्याचा अनुभव, दुसऱ्या कोणाला ते पार पाडताना पाहणे, इतरांनी शब्दांतून दिलेला धीर, आणि धडधड, घाम, थकवा यांसारख्या शरीराच्या अवस्थेचा आपण लावलेला अर्थ. यांतली पहिली वाट सर्वांत भक्कम, असे त्यांचे म्हणणे होते. इंटर्नच्या दृष्टीने पाहिले तर पहिल्या दोन आठवड्यांत एखादे लहान, पण कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडणारे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः पूर्ण करणे, हे कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा मोलाचे ठरते. म्हणून सुरुवातीलाच मोठे काम मागण्याचा मोह आवरावा. ‘दोन-तीन दिवसांत पूर्ण होईल आणि तुम्हाला लगेच वापरता येईल असे एखादे काम मला सुरुवातीला देता का?’ असे विचारल्यास मार्गदर्शकालाही काम निवडणे सोपे जाते, आणि तुमच्या हाती पहिल्याच आठवड्यात एक पूर्ण झालेली गोष्ट येते.

पहिल्या दिवसापासूनची वही

रुजू होण्याआधीची तयारी फार लागत नाही. काम कोण देणार, ते कोण तपासणार, कोणती साधने किंवा सॉफ्टवेअर वापरायचे आणि पहिल्या दिवशी कोणाला भेटायचे, एवढे चार प्रश्न ईमेलवर विचारून ठेवावेत. संस्था नेमके काय काम करते हे तिच्या संकेतस्थळावरून वाचून घ्यावे. यापलीकडे आठवडाभर आधीपासून नवी कौशल्ये शिकण्याची धावपळ बहुधा वाया जाते, कारण कोणते कौशल्य लागणार हे तिथे गेल्यावरच कळते.

वही मात्र पहिल्या मिनिटापासून हवी. हरमन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थ नसलेली अक्षरे पाठ केल्यावर तासाभरातच त्यातला निम्म्याहून अधिक भाग पुसला जातो, असे त्यात आढळले होते. नव्या कार्यालयात पहिल्या दिवशी कानावर पडणारी संक्षिप्त नावे, फाईलींची नावे, विभागांची नावे आणि माणसांची नावे आपल्यासाठी जवळजवळ तशीच अर्थहीन अक्षरे असतात. ती लक्षात राहिली नाहीत म्हणून ‘आपण मंद आहोत’ असा निष्कर्ष काढणारे इंटर्न मी पाहिले आहेत, आणि तो निष्कर्ष निखालस चुकीचा असतो.

वही कशी ठेवावी, हे जरा तपशिलाने सांगतो, कारण माझ्या अनुभवात एवढा फरक दुसऱ्या कुठल्याच गोष्टीने पडत नाही. मागच्या बाजूने दोन पाने ‘शब्द’ म्हणून राखून ठेवावीत. मीटिंगमध्ये न कळलेला प्रत्येक शब्द तिथे उतरवायचा आणि अर्थ कळला की समोर लिहायचा. पुढची दोन पाने ‘माणसे’: नाव, विभाग, आणि कोणत्या कामासाठी यांच्याकडे जायचे, एवढेच. बाकीची वही कामांच्या पायऱ्यांसाठी. कोणी एखादी कृती करून दाखवत असेल तर डाव्या पानावर पायऱ्या लिहाव्यात, उदाहरणार्थ ‘१. मागच्या महिन्याची फाईल उघडणे. २. तिची प्रत करून नाव बदलणे. ३. तारखेचा रकाना आधी रिकामा करणे.’ उजवे पान मोकळे सोडावे. संध्याकाळी तीच कृती एकट्याने करून पाहावी आणि जिथे अडले तिथे उजव्या पानावर त्या पायरीसमोर खूण करावी. दुसऱ्या दिवशी विचारायचे प्रश्न म्हणजे या खुणा. अशी पाच-सहा पाने भरली की त्या कृतीवर हात बसायला लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात डाव्या पानाकडे न पाहता काम होत असल्याचे एक दिवस आपोआप ध्यानात येते.

काम घेतानाच समजून घ्यावे

इंटर्नचा आत्मविश्वास सर्वाधिक वेळा कुठे ढासळतो? काम अवघड असल्यामुळे तो जितका ढासळतो, त्याहून जास्त ते नीट न कळल्यामुळे ढासळतो. यात दोष बहुधा इंटर्नच्या बुद्धीचा नसतो. १९९० मध्ये एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला. काही जणांनी परिचित गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणे ओळखायचे. सुमारे निम्मी गाणी ओळखली जातील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात १२० पैकी केवळ ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या मनात पूर्ण चाल सुरू असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते. अनुभवी माणूस नवख्याला काम सांगतो तेव्हा हेच घडते. त्याच्या डोक्यात मागची पाच वर्षे असतात आणि तोंडातून दोन वाक्ये बाहेर पडतात.

माझ्या पहिल्या इंटर्नशिपमध्ये मला ‘गेल्या वर्षीच्या तक्रारींचा तक्ता करून दे’ असे सांगण्यात आले होते. मी जानेवारी ते डिसेंबर असा हिशेब धरून तीन दिवस खपून तक्ता तयार केला; त्या विभागात मात्र ‘वर्ष’ म्हणजे आर्थिक वर्ष, हे सर्वांना इतके ठाऊक होते की कोणाला ते सांगण्याची गरजच वाटली नव्हती. ‘वर्ष कोणते धरायचे?’ ही शंका मला पहिल्याच दिवशी आली होती. एवढे साधेही कळत नाही असे कोणाला वाटू नये, म्हणून मी ती गिळली. तक्ता पुन्हा करताना तीन दिवसांची मेहनत वाया गेल्याचे दुःख तर होतेच, पण आपल्याला कळत होते आणि तरी आपण बोललो नाही, ही बोच जास्त होती.

म्हणून काम घेताना ते आपल्या शब्दांत परत सांगण्याची सवय लावून घ्यावी: ‘म्हणजे मी मागच्या आर्थिक वर्षातल्या तक्रारी महिन्यांनुसार लावायच्या, बंद झालेल्याही धरायच्या, आणि गुरुवारी दुपारपर्यंत तुमच्याकडे द्यायच्या, बरोबर ना?’ या एका वाक्यात निम्मे गैरसमज उघडे पडतात. त्याखेरीज तयार झालेली गोष्ट कोण वापरणार आहे आणि याआधी कोणी असे काम केले असल्यास त्याचा नमुना पाहायला मिळेल का, हे जरूर विचारावे. नमुना मिळाला की अर्धी भीती तिथेच ओसरते, कारण ‘चांगले काम’ म्हणजे नेमके काय, याचे चित्र डोळ्यांसमोर येते.

प्रश्न विचारण्याची भीड

‘प्रश्न विचारला तर मला काही येत नाही हे उघड होईल’, ही इंटर्नच्या मनातली सर्वांत मोठी भीती असते. अॅलिसन वुड ब्रुक्स, फ्रान्चेस्का जिनो आणि मॉरिस श्वाइट्झर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच भीती तपासली होती. सल्ला मागितल्यास आपण कमी सक्षम दिसू असे लोकांना वाटते, पण काम अवघड असताना सल्ला मागणारा माणूस इतरांना उलट अधिक सक्षम वाटतो, असे त्यांना दिसले. यातला ‘काम अवघड असताना’ हा भाग विसरू नये. जे उत्तर दोन मिनिटे शोधल्यावर फाईलमध्येच सापडले असते, ते विचारण्याने कोणाचे मत चांगले होत नाही. म्हणून स्वतःला एक वेळमर्यादा घालून घ्यावी. माझ्या मते अर्धा तास पुरेसा आहे. अर्धा तास प्रामाणिकपणे प्रयत्न करावा आणि तरीही गाडी पुढे सरकली नाही तर विचारावे. दिवसभर अडकून बसणे हा चिकाटीचा पुरावा नसतो. संध्याकाळी ‘अजून सुरूच केले नाही’ असे सांगावे लागले तर समोरच्याला त्यात केवळ वाया गेलेला दिवस दिसतो.

प्रश्न कसा विचारला यावर उत्तराचा दर्जा ठरतो. एक उदाहरण जवळून पाहू. ‘मॅडम, फाईल चालत नाहीये, काय करू?’ या मेसेजला उत्तर देण्यासाठी मॅडमना आधी चार प्रश्न विचारावे लागतील आणि त्या कामात असतील तर मेसेज तसाच राहील. त्याऐवजी असे लिहावे: ‘मॅडम, ग्राहकांची यादी असलेली फाईल उघडते आहे, पण बेरजेच्या रकान्यात आकड्यांऐवजी चूक दाखवते आहे. मी मागच्या महिन्याच्या फाईलशी ताडून पाहिले, तिथे बेरीज बरोबर येते. या महिन्यात तीन नवे रकाने जोडले गेल्यामुळे सूत्र बिघडले असावे, असे मला वाटते. मी सूत्र दुरुस्त करू की मूळ फाईल ज्यांनी बनवली त्यांना विचारू?’ काय हवे होते, काय झाले, काय करून पाहिले, स्वतःचा अंदाज काय आणि आता नेमका निर्णय कोणता हवा, हे सगळे त्यात आहे. मॅडमना ‘दुरुस्त कर’ एवढे दोनच शब्द लिहायचे उरतात.

असा मेसेज लिहिता लिहिता पुष्कळदा उत्तर स्वतःलाच सापडते. प्रोग्रामर मंडळींमध्ये याच कारणाने एक पद्धत रूढ आहे: टेबलावर रबराचे खेळण्यातले बदक ठेवायचे आणि अडलेला कोड त्याला ओळीओळीने समजावून सांगायचा. समजावताना आपण काय गृहीत धरले होते ते बाहेर येते. बदक नसले तरी कोऱ्या कागदावर पूर्ण वाक्यांत अडचण लिहून काढल्याने तोच परिणाम साधतो.

ज्या प्रश्नामुळे काम पूर्ण थांबले आहे तो लगेच विचारावा. बाकीचे वहीत साठवून दिवसातून एकदा, ‘तुम्हाला दहा मिनिटे कधी आहेत?’ असे विचारून एकत्र मांडावेत. मिळालेले उत्तर त्याच वहीत, तारखेसह लिहावे. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावा लागला तरी काही बिघडत नाही, पण तिसऱ्यांदा विचारताना समोरच्याचा उत्साह मावळलेला असतो.

मीटिंगमध्ये तोंड उघडणे

पहिल्या काही मीटिंगांत पोटात गोळा येतो, आवाज घशात अडकतो आणि आपण चुकीचे बोललो तर सगळे पाहत राहतील, असे वाटते. हे ‘सगळे पाहत राहतील’ किती खरे असते? कॉर्नेल विद्यापीठातील थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचे मोठे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले. जवळजवळ निम्म्या लोकांनी चित्र ओळखले असेल असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांनाच ते सांगता आले. मीटिंगमधले बहुतेक लोकही स्वतःच्या पुढच्या वाक्याचा आणि राहिलेल्या कामाचा विचार करत असतात, आणि तुमची अडखळलेली सुरुवात त्यांच्या ध्यानातही राहत नाही.

तरीही भीड एकदम जाणार नाही, ती थोडी थोडी चेपत न्यावी. पहिल्या आठवड्यात केवळ स्वतःच्या कामाची स्थिती एका वाक्यात सांगावी, आणि ते वाक्य आधी लिहून ठेवावे: ‘यादी तपासून झाली आहे, दोन नोंदींची खात्री करायची आहे, उद्या दुपारपर्यंत पूर्ण होईल.’ दुसऱ्या आठवड्यात एखादा खरा प्रश्न विचारावा. मत मांडायची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ज्या कामाची पाने वहीत भरली आहेत त्या कामाविषयी बोलण्यासारखे काहीतरी आपोआप साठलेले असते. मीटिंगच्या पहिल्या दहा मिनिटांत एकदा बोलून घेतलेले बरे, कारण उशीर होत जाईल तसे पहिले वाक्य जड होत जाते.

प्रेझेंटेशन द्यायचे असेल तेव्हा धडधड थांबवण्याच्या मागे लागू नये. अॅलिसन वुड ब्रुक्स यांच्याच २०१४ च्या प्रयोगांत, बोलण्याआधी ‘मी शांत आहे’ असे स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्सुक आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली होती. भीती आणि उत्सुकता या दोन्हींत छातीची धडधड सारखीच असते, त्यामुळे एकीचे नाव बदलून दुसरी करणे हे एकदम शांत होण्यापेक्षा सोपे जाते. बंडुरांनी सांगितलेली चौथी वाट ती हीच. याच्या जोडीला पहिली तीन वाक्ये पाठ असू द्यावीत आणि बाकीचे मुद्द्यांवरून बोलावे. संपूर्ण भाषण पाठ केले तर मधला एक शब्द निसटताच पुढचे सगळे हरवते.

चूक झाली तर

चूक होणार हे गृहीत धरूनच कामावर जावे. प्रश्न एवढाच असतो की ती कोणी आधी सांगायची. इतरांना सापडलेली चूक आपला आत्मविश्वास पोखरते, आणि आपण स्वतः सांगितलेली चूक, वाटते त्याच्या अगदी उलट, तो बऱ्याचदा वाढवते, कारण सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट करूनही आपण उभे आहोत, हे त्यातून कळते. एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील चमूंचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या चमूंमध्ये औषधांच्या चुका कमी नोंदल्या जात असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात तिथे नोंदी जास्त निघाल्या, कारण त्या चमूंमध्ये चुकांविषयी मोकळेपणाने बोलले जात होते. हा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच पुढे एडमंडसन यांनी चमूतील मानसिक सुरक्षिततेचा, म्हणजे चूक किंवा शंका बोलून दाखवली तरी कोणी हिणवणार नाही या भरवशाचा, विचार विकसित केला.

चूक सांगण्याचा साचा तयार असला म्हणजे ऐनवेळी हातपाय गळत नाहीत. ‘सर, काल पाठवलेल्या अहवालात चौथ्या पानावरचा आकडा चुकला आहे, मी जुनी फाईल वापरली होती. अहवाल आतापर्यंत फक्त दोघांकडे गेला आहे. दुरुस्त प्रत तयार आहे, ती त्यांना पाठवू का? पुढच्या वेळी फाईलच्या नावात तारीख घालणार आहे.’ यात काय झाले, कुठवर पोहोचले, काय केले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय ठरवले, एवढेच आहे. लांबलचक क्षमायाचना, दुसऱ्या कोणाचे नाव किंवा स्वतःला लावलेली दूषणे यांपैकी काहीही त्यात नाही. समोरचा चिडला तरी ही चार वाक्ये सांगून झालेली असतात आणि काम दुरुस्तीकडे वळते. चूक लक्षात आल्यापासून तासाभरात हे सांगितले गेले पाहिजे, कारण रात्रभर मन खाल्ल्यावर सकाळी तीच गोष्ट दुपटीने अवघड होऊन बसते.

दिलेली तारीख

इतरांचा आपल्यावरचा विश्वास हुशारीपेक्षा पाळलेल्या तारखांवर उभा राहतो, आणि तो विश्वास परत आपल्याकडे धीर बनून येतो. येथे एक सर्वसामान्य दोष आडवा येतो. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवसांचा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. ज्यांना कामाचा अंदाज असायला हवा तेही चुकतात, तर नवख्याने स्वतःचा अंदाज दीडपट करून सांगण्यात कमीपणा नाही. ‘किती वेळ लागेल?’ या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर देऊ नये. ‘तासभर पाहून सांगतो’ किंवा ‘पाहून सांगते’ असे म्हणावे. निम्मा वेळ सरला की काम कुठवर आले हे आपण होऊन कळवावे, आणि तारीख चुकणार असे दिसले तर त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नये.

काम तपासून परत आल्यावर

खुणांनी भरलेला मसुदा परत आला की मन खट्टू होते. मला अशा वेळी एक साधी रीत उपयोगी पडली आहे, आणि नंतर माझ्याबरोबर काम केलेल्या इंटर्नांनाही पडली आहे. मूळ मसुदा आणि दुरुस्त मसुदा शेजारी ठेवावा आणि दुरुस्त्यांची वर्गवारी करावी: माहितीच्या चुका किती, शुद्धलेखनाच्या किती, संस्थेच्या लिहिण्याच्या पद्धतीमुळे बदललेले किती आणि तपासणाऱ्याच्या आवडीमुळे बदललेले किती. चाळीस खुणा दिसत असल्या तरी त्यांत तीन-चार प्रकारच वारंवार आलेले असतात. पुढचा मसुदा देण्यापूर्वी फक्त ते तीन-चार प्रकार तपासावेत. दुसऱ्या मसुद्यावरच्या खुणा मोजल्या की फरक आकड्यांत दिसतो, आणि डोळ्यांनी पाहिलेली प्रगती नाकारता येत नाही.

प्रतिसाद मागतानाही नेमके विचारावे. ‘माझे काम कसे वाटले?’ या प्रश्नाचे उत्तर ‘छान’ असे येते आणि त्याचा उपयोग होत नाही. ‘यातला कोणता भाग तुम्ही वेगळ्या पद्धतीने केला असता?’ असे विचारले की समोरचा माणूस खरोखर विचार करतो. कौतुक झाले तर ‘नाही, त्यात काय विशेष’ असे म्हणून ते झटकून टाकू नये. ‘धन्यवाद, यातले काय उपयोगी पडले?’ असे विचारून उत्तर वहीत लिहावे.

‘मी इथे चुकून आलो’ असे वाटू लागले तर

चांगले काम होत असतानाही आपण इतरांना फसवत आहोत आणि एक दिवस ते उघड होईल, असे काहींना सतत वाटते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये यशस्वी स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या या भावनेचे वर्णन प्रथम केले. पुढे ती पुरुषांमध्येही आढळली. म्हणजे ही भावना येणे हा अपात्रतेचा पुरावा मानता येत नाही. तिच्याशी वाद घालून ती जात नाही. तिच्यासमोर कागद ठेवावा लागतो. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटे काढून तीन ओळी लिहाव्यात: या आठवड्यात काय पूर्ण झाले, मागच्या आठवड्यात न येणारे आता काय येते, आणि कोणाला त्याचा उपयोग झाला. टेरेसा अॅमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी २३८ कर्मचाऱ्यांच्या जवळजवळ १२,००० दैनंदिन नोंदी अभ्यासल्या, तेव्हा कामाचा दिवस चांगला वाटण्यामागे अर्थपूर्ण कामात झालेली प्रगती, मग ती लहान का असेना, हे सर्वांत ठळक कारण निघाले. पण लहान प्रगती लिहिली नाही तर दोन दिवसांत विसरली जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे.

तुलना पूर्ण टाळणे शक्य नाही, म्हणून ती कोणाशी करायची ते निवडावे. वीस वर्षे काम केलेल्या माणसाला पाहून धीर येत नाही, उलट खचायला होते. आपल्यापेक्षा सहा महिने किंवा वर्षभर पुढे असलेल्या एखाद्या सहकाऱ्याला पाहावे आणि ‘पहिल्या महिन्यात तुम्हाला काय जमत नव्हते?’ असे विचारावे. बहुतेक जण आनंदाने सांगतात, आणि आपल्यासारख्याच माणसाला हे जमले आहे, हे कळले की काम आवाक्यात वाटू लागते. इतर इंटर्नांशी मात्र स्पर्धेपेक्षा मैत्री ठेवलेली बरी. एकाने विचारलेला प्रश्न चौघांना उपयोगी पडतो.

घरून ऑनलाइन इंटर्नशिप करणाऱ्यांना हे सगळे थोडे जड जाते, कारण शेजारच्या टेबलावरचे बोलणे कानावर पडत नाही. त्यांनी रोज संध्याकाळी ‘आज काय झाले, उद्या काय करणार, कुठे अडले’ असा तीन ओळींचा मेसेज मार्गदर्शकाला पाठवण्याची परवानगी मागून घ्यावी. कामच दिले जात नसेल तर ‘मला काम द्या’ असे म्हणण्याऐवजी दोन दिवस निरीक्षण करून एखादे उपयोगी काम सुचवावे, जसे जुन्या फाईलींची सूची करणे किंवा वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहिणे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. अपमान, आरडाओरडा, अंगचटीला येणे किंवा रात्री-अपरात्री काम करून घेणे अशा प्रसंगी वाटणारी भीती ही आत्मविश्वासाची उणीव नव्हे, आणि ‘मीच बुजरा आहे’ किंवा ‘मीच बुजरी आहे’ असे म्हणून ती सोसू नये. तारीख, वेळ आणि घडलेली गोष्ट लिहून ठेवावी आणि मनुष्यबळ विभागाला, महाविद्यालयातील समन्वयकाला किंवा विश्वासातल्या मोठ्या माणसाला ताबडतोब सांगावे. इंटर्नशिप सोडावी लागली तरी चालेल.

शेवटचा आठवडा

शेवटच्या आठवड्यात आपले काम पुढच्या माणसाच्या हाती देण्यासाठी एक टिपण तयार करावे. कोणती कामे पूर्ण झाली, कोणती अर्धवट आहेत, फाईली कुठे आहेत आणि प्रत्येक कामाच्या पायऱ्या कोणत्या, हे त्यात वहीतूनच उतरवता येते. लिहून झाल्यावर ते एखाद्या नव्या सहकाऱ्याला द्यावे आणि त्याने केवळ टिपण वाचून एक काम करून पाहावे. तो जिथे अडेल तिथे एक पायरी वाढवावी. मार्गदर्शकाकडून प्रमाणपत्राबरोबर पंधरा मिनिटेही मागून घ्यावीत आणि ‘पुढच्या ठिकाणी जाण्यापूर्वी मी कोणती एक गोष्ट शिकून घ्यावी?’ असे विचारावे. वहीच्या मागच्या पानांवरचे, पहिल्या आठवड्यात न कळलेले सगळे शब्द अर्थांसह टिपणाच्या शेवटी जोडून द्यावेत; पुढच्या इंटर्नला पहिल्या दिवशी आधी तेच लागणार आहेत.